बुट्टीत भाकरी होती

'मैला वाहणारी स्त्री. गिरणीमागील झोपडपट्टी.'

प्रदर्शनात माझ्या आजीच्या फोटोखाली असं छापलं होतं. फोटो खिडकीएवढा मोठा केलेला. वर पिवळा दिवा. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्यासमोर हात मागं बांधून उभे होते. आपल्या आईसमोर. इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षर दिसत नव्हतं.

"काय लिवलंय?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना पुढच्या फोटोकडं वळवायला लागले. शेजारी कॉलेजची एक मुलगी उभी होती, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. भली मुलगी. म्हाताऱ्या माणसाला मदत करावी म्हणून पुढं झाली आणि मोठ्यानं, स्पष्ट वाचून दाखवलं. सगळं. शेवटी 'संग्रह' म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्या सरांचं नाव होतं, तेही. फोटो काढणाऱ्या माझ्या आज्याचं नाव कुठंच नव्हतं.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या मुलीला म्हणाले, "बाय, हिच्या बुट्टीत भाकरी हाय."

मुलगी हसली. तिला काही कळलं नव्हतं.

एक इथंच सांगते. मैला उचलणाऱ्या बाया आमच्या वस्तीत होत्या. त्यांच्या घरी मी जेवलेय, त्यांच्या मांडीवर निजलेय. लाज त्यांना वाटायचं कारण नाही. ज्यांनी ते काम करून घेतलं त्यांना वाटावी. पण माझी आजी गिरणीत होती. सुताच्या कांड्या भरायची. सकाळी दोघांच्या भाकरी बुट्टीत, म्हणजे लहान टोपलीत, घालायच्या, वर फडकं बांधायचं आणि भोंग्याच्या आधी निघायचं. आज्यानं फोटो काढला तो तसाच, कामाला निघताना. बघणाऱ्यांनी वस्ती बघितली, बाई बघितली, मांडीवरची बुट्टी बघितली. आत काय असेल ते आपलं आपण ठरवून टाकलं. विचारायला आम्ही होतो की. आमचा नंबर होता त्यांच्याकडं.

आज्यानं काढलेल्या अस्सल फोटोत आजी खुर्चीत बसलेली आहे. भिंतीवरच्या फोटोत खुर्ची नव्हती. कापली होती. तोंड आणि बुट्टी, तेवढंच ठेवलं होतं.

खुर्ची का होती ते सांगायला पाहिजे. लग्न झाल्यावर आजा आजीला घेऊन बाजारातल्या एका स्टुडिओत गेला होता. तिथं लाल मखमलीची खुर्ची होती. फोटोवाल्यानं विचारलं, कुठं राहता. आज्यानं वस्तीचं नाव सांगितलं. फोटोवाल्यानं नोकराला हाक मारली आणि खुर्ची आत न्यायला सांगितली. दोघांना उभं केलं, कुंडीच्या शेजारी. तो फोटो आहे आमच्याकडं. दोघांच्याही मुठी वळलेल्या आहेत.

त्यानंतर गिरणीतल्या एका जोडीदाराकडून आज्यानं जुना डबा कॅमेरा घेतला. पाळी सुटली की गळ्यात कॅमेरा अडकवून वस्तीत फिरायचा. वस्तीतल्या मंडळाची एक लोखंडी खुर्ची होती ती मागून आणायचा आणि ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी खुर्चीत बसवायचा. झाडूवाली आत्या खुर्चीत. पायात चप्पल नसलेला हमाल खुर्चीत. बाळंतीण खुर्चीत, मांडीवर पोर. मागं गल्ली, नळ, कौलं, निळं निशाण. पुढं कौलं जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आले, गिरणी बंद पडली, सगळं त्यात आहे. आजा गेला तेव्हा पत्र्याची पेटी भरून फोटो मागं राहिले.

मी एका खाजगी दवाखान्यात रक्त घ्यायच्या खोलीत काम करते. दिवसभर सगळ्या जातीच्या माणसांच्या शिरा शोधते. जुन्या सोलापूरचे फोटो टाकणारा एक ग्रुप मोबाईलवर होता, कुणीतरी मला त्यात घेतलं होतं. तलाव, किल्ला, टांगे, लग्नाच्या वराती असले फोटो यायचे. मला वाटलं, आमचंही सोलापूरच आहे की. एके दिवशी मी आज्याचा एक फोटो टाकला. लोकांना लई आवडला. मग रोज एक टाकायला लागले. आण्णा शेजारी बसून सांगायचे, हा कोण, ती कोण, हिचा पोरगा आता कुठं असतो. वस्तीवर तेव्हा जागा रिकामी करायच्या नोटिसा लागल्या होत्या. आण्णांची झोप उडाली होती. पण पेटीतले फोटो काढून बसले की तेवढा वेळ ते बरे असायचे.

ग्रुप चालवणारे सर घरी आले. मोठे आर्किटेक्ट, शहरात नाव. लई गोड बोलले. तुमच्या वडिलांनी केवढं काम करून ठेवलंय, असं आण्णांना म्हणाले. आईनं चहा ठेवला. तो तसाच गार झाला, पाणी त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं प्यायलं. मी म्हटलं, शुगर असेल. आण्णांनी गार चहाचा कप बाजूला सारला. पेटी उघडून दिली. आपल्या संस्थेतर्फे प्रदर्शन भरवणार होते, फोटोंच्या नकला करून अस्सल परत देणार होते. दिलेही. आण्णांनी एकच मागितलं होतं, खाली वडिलांचं नाव लिवा. सर म्हणाले, अर्थातच.

तर प्रदर्शनाच्या त्या दिवशी मी आण्णांना आजीच्या फोटोपाशीच सोडून सरांकडं गेले. ते पाहुण्यांत उभे होते. मी हळू आवाजात सांगितलं की सर, चूक झालीय, आजी गिरणीत होती, खालचं लिहिलेलं काढा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अगदी समजुतीनं, आणि म्हणाले, "पण तुमच्या वस्तीत बहुतेक तेच काम करायचे ना?"

मी परत आण्णांपाशी जाऊन त्यांचा हात धरला.

त्याच हॉलमध्ये उद्घाटनाचा कार्यक्रम सुरू होणार होता. पुढच्या खुर्च्या राखीव होत्या. आम्हाला शेवटच्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. मग एक बडे अधिकारी उठले, पडद्यावर चित्रं दाखवायला लागले. पहिलंच आजीचं. तोंड आणि बुट्टी. शेजारी उंच उंच इमारतींचं चित्र, झाडं, बाग. अधिकारी म्हणाले, "हे चित्र आपल्याला पुसायचं आहे, आणि हे आणायचं आहे."

टाळ्या पडल्या.

तेव्हा मला समजलं की आमचे फोटो कशासाठी नेले होते. आज्यानं माणसं खुर्चीत बसवून काढलेले फोटो. ते आमची घरं पाडायच्या कामाला लागले होते. आणि ते आम्हीच पेटी उघडून दिले होते, चहा ठेवून.

आण्णा उठून उभे राहिले. शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. कुणीतरी बोलायला सांगेल म्हणून वाट बघत तसेच उभे. कुणी सांगितलं नाही. मागं उभ्या असलेल्या एकानं त्यांचा सदरा धरून खाली ओढला. "बसा ओ, दिसत नाही."

आण्णा बसले. हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी उठले. भिंतीजवळ गेले आणि आजीचा फोटो खिळ्यावरून काढला. जड होता. काच होती. भाषण थांबलं. सर धावत आले, पाठोपाठ दोन रखवालदार. मी म्हटलं, "ही माझी आजी हाय. हिच्या बुट्टीत भाकरी हाय. फोटो माझ्या आज्यानं काढलाय. मी घेऊन चाललीय."

शिकल्यापासून मी शहरात कधी 'हाय' म्हटलं नव्हतं. जपून 'आहे' म्हणायची. त्या दिवशी आपोआप आलं.

सर हळू आवाजात म्हणाले की तमाशा करू नका, फोटो आता संस्थेचा आहे, तुम्ही स्वतःच्या हातानं दिलाय. रखवालदारांनी फ्रेम माझ्या हातातून काढून घेतली. माझी बोटं एकेक करून सोडवली. आम्ही बाहेर आलो. मी आण्णांना हाताला धरून एकेक पायरी जिना उतरवलं. मागं भाषण परत सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. तोंड, बुट्टी, खाली तेच शब्द. मला ग्रुपमधून काढलं. फोटो फिरत फिरत, ती माझी आजी आहे या बातमीसकट, आमच्या दवाखान्यात पोचला. माझ्यासोबत रोज जेवणारी एक बाई आहे, आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खातो. तिनं त्या दिवशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डबा उघडला. मी माझी भाकरी एकटीनं खाल्ली.

उन्हाळ्यात वस्ती पाडली. आम्ही कोर्टात गेलो, रस्त्यावर बसलो, पोलिसांनी उचलून गाडीत टाकलं. काही झालं नाही. पिवळी मशीनं आली आणि दुपारपर्यंत आमची गल्ली राहिली नाही. आम्हाला शहराबाहेर, हायवेच्या पलीकडं, एका इमारतीत वरच्या मजल्यावर खोली दिली. पाणी वर चढत नाही. शेजारी कोण राहतं ते अजून माहीत नाही. आईनं तिथं आल्यापासून चौकट ओलांडलेली नाही.

आण्णा मात्र रोज सकाळी निघायचे. दोन रिक्षा बदलून जुन्या जागेवर जायचे. तिथं सगळीकडून उंच पत्रा मारलाय. पत्र्यावर नव्या इमारतीची जाहिरात, त्यात 'वारसा जपत नवे सोलापूर' असं लिहिलंय आणि गिरणीच्या धुराड्याचा जुना फोटो छापलाय. तो फोटो आज्याचा. अस्सल फोटोत धुराड्याखाली आमच्या गल्लीतली माणसं ओळीनं बसलीत, मधोमध लहानगे आण्णा. पत्र्यावर नुसतं धुराडं ठेवलंय. माणसं कापलीत.

एक दिवस सुट्टीची म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेले. आण्णा पत्र्याला खेटून उभे होते. धुराड्याच्या खाली, जिथून माणसं कापली तिथं हात लावून. तेवढ्यात फाटकातून रखवालदार ओरडत आला. "ए म्हाताऱ्या, हितं मुतू नको."

आण्णा वळले. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, की मी काही केलं नाही. चोरासारखे. स्वतःच्या घराच्या जागेवर.

त्या दिवसापासून आण्णा बाहेर पडत नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात. मी पेटी उघडून शेजारी बसते, विचारते, हा कोण, ती कोण. ते डोळे मिटतात. ते पुन्हा सांगतील असं मला वाटत नाही.

पण जेवढी नावं सांगून झाली होती तेवढी मला पाठ आहेत.

मागच्या रविवारी मी आजीचा फोटो मोठा करून आणला. खुर्चीसकट. खाली तिचं नाव, गिरणीतलं काम, फोटो काढणाऱ्याचं नाव. बादलीत खळ कालवली आणि भर दिवसा, लोक येत-जात असताना, त्यांच्या धुराड्याच्या खाली पत्र्यावर चिकटवला. रखवालदारानं माझ्यासमोर फाडला. म्हणाला, ताई, माझी नोकरी जाईल. मी त्याला म्हटलं, तू फाड, मी तुझ्याशी भांडायला आलेली नाही. या रविवारी झाडूवाली आत्या लावली. तीही फाडली. पुढच्या रविवारी हमाल लावणार आहे.

आता आमचे फोटो मी कुणाला देणार नाही. कुठल्या हॉलमध्ये नाही, कुठल्या ग्रुपवर नाही. ते आमच्याच जागेवर लागणार, आणि खाली काय लिहायचं ते मी लिहिणार. घरं परत मिळणार नाहीत, हे मला कळतं. आण्णा उठून बसणार नाहीत, हेही कळतं. मी तेवढ्यासाठी लावत नाही. ज्यांना त्या इमारतीत राहायला जायचंय, त्यांना रोज फाटकातून आत जाताना कळलं पाहिजे की आपण कुणाच्या चुलीवर उभे आहोत. त्यांनी फाडावं. मी परत लावीन.