जेट्टीवरचं खाकरणं

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. हिंगोलीत माझं मेडिकल आहे. उतारा, करणी, अंगात येणं... गिऱ्हाईक असलं काही बोलायला लागलं की मी सरळ म्हणते, "आधी बीपी तपासा." त्यामुळे "ताई, भास झाला असेल" असं खाली लिहिणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. ते मी स्वतःला शंभरदा सांगून झालंय. आणि हे मी घाबरून लिहीत नाहीये, रागाने लिहितेय.

माझं माहेर डोंगरकडा, तालुका कळमनुरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन वर्षांपूर्वी गेले. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उचलणं नाही. फक्त खाकरायचे. पुरुषमाणूस आत यायच्या आधी ओसरीवर खाकरतो, म्हणजे घरातल्या बायकांनी सावरून बसावं — खेड्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. अण्णांचं खाकरणं दोनदा असायचं. एक आखूड, मग एक लांब ओढलेलं. ते ऐकलं की माय बोलता बोलता थांबायची, डोक्यावर पदर ओढायची आणि उठून उभी राहायची. पुढे गुडघे गेले तरी उभी!

मी दहावीत असताना बचत गटाच्या बायकांची कोकण सहल ठरली. मायने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. औंढा, नरसी, फार तर माहूर, एवढंच तिचं जग. तिने पिशवी भरली, दशम्या बांधल्या. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता... आणि अण्णा ओसरीवर खाकरले. एक शब्द बोलले नाहीत. मायने पिशवी खाली ठेवली आणि त्या दशम्या आम्हा लेकरांना वाढल्या. मी खाल्ल्याही. त्याची अजून लाज वाटते.

म्हणून या जानेवारीत मीच तिला घेऊन निघाले. तीही कटकट करूनच आली. "संध्याकाळचं घर बंद ठिवावं का बाई? दिवेलागणीला कुणी नको का?"

"चार दिवसांनी घर पळून जात नाही," म्हटलं आणि बसमध्ये बसवली.

रत्नागिरी जिल्ह्यातलं एक लहानसं बंदर. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच तिथल्या लोकांना ताप नको. जेट्टीच्या डाव्या हाताला बर्फाचा कारखाना, मागे मासळीचे रिकामे क्रेट रचलेले. तिथून किल्ल्याला फेरी मारून आणणारी होडी सुटते. सकाळचे दहा, लख्ख ऊन. होडीत सात-आठ जण बसलेले, त्यांत सांगलीच्या एक साठीच्या काकू. मायने लाईफ जॅकेट घातलं होतं आणि स्वतःकडे बघून पोरीसारखी हसत होती. एक पाय होडीत टाकला...

आणि मागून खाकरल्याचा आवाज आला. एक आखूड, मग एक लांब.

बर्फ फोडायचा आवाज, कोळणींची भांडणं, त्या सगळ्यातून स्वच्छ. मायचा हात पदराकडे गेला, पाय मागे आला. मी गर्रकन वळले. क्रेट, फक्त क्रेट. आणि होडीत बघते तर सांगलीच्या काकूही अर्धवट उठलेल्या, डोक्यावर पदर घेऊन!

"काकू, तुम्ही पदर का घेतला?"

त्या गोंधळल्या. "कोण जाणे बाई... कुणी थोरलं माणूस आल्यागत वाटलं."

माय काही चढली नाही. होडी गेली. तुम्ही म्हणाल, आता होडीला काहीतरी झालं असणार आणि अण्णांनी आम्हाला वाचवलं असणार. खोटं कशाला बोलू, देव माफ करो, तासभर मीही तीच वाट बघत बसले होते. निदान काही अर्थ तरी लागला असता! कसलं काय... सगळे हसत, भेळ खात परत आले. कुणाला वाचवायचं नव्हतं की काही नाही. निव्वळ सवय! मेल्यावरही सुटली नाही.

रात्रभर मी धुमसत होते. दुसऱ्या दिवशी परत दहा वाजता तिला जेट्टीवर उभी केली. पाय उचलला आणि पुन्हा तेच. आखूड, लांब.

माझं डोकंच फिरलं. क्रेटकडे तोंड करून मी ओरडले, "अण्णा, बस झालं! पन्नास वर्षं उभी केली तिला. आता तरी बसू द्या! व्हा बाजूला!"

सगळी जेट्टी माझ्याकडे बघायला लागली. होडीवाल्याने दोरी हातातच धरून ठेवली. माय मात्र शांत होती. ती क्रेटकडे वळली आणि म्हणाली, "आवं... येते मी जाऊन."

विचारलं नाही, सांगितलं. आणि होडीत बसली. वाऱ्याने पदर खांद्यावर आला, तो तिने वर घेतला नाही. पाण्यात बोटं बुडवून चाखली आणि ओरडली, "अगं माय, खरंच खारट हाय की!" मला वाटलं, जिंकले मी.

पंधरा दिवसांनी डोंगरकड्याला गेले. माय ओसरीवर बसली होती, अंगणाकडे नजर लावून.

"काय झालं गं?"

"येत न्हाईत आता."

"कोण?"

"तुझे अण्णा. गेल्यापासून रोज दिवेलागणीला खाकरायचे. मी उठायचे, चहा ठिवायचे. समुद्राहून आल्यापासून न्हाई."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तू बीपी तपासली असती."

"बरं झालं की मग! सुटलीस!" मी चिडून म्हणाले. ती दिव्याची वात सारखी करायला लागली.

राग आहे, भरपूर आहे. पण तो नेमका कुणावर काढू, हे त्या संध्याकाळपासून कळेनासं झालंय. दिवेलागण झाली तशी माय गुडघ्यांवर हात टेकून उठली, पदर घेतला आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. कुणी खाकरलं नाही. ती उभीच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मीच रिकाम्या अंगणात जाऊन दात-ओठ खात म्हटलं, "अण्णा, ती उभी राहिलीय ना... आता खाकरा की!"