उलट्या वाऱ्याचा झेंडा

अर्धा रस्ता सरला, तरी मामांनी भाचीचा खांदा सोडला नव्हता. निघताना "गर्दी आहे गं" म्हणाले होते. आता रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिला खरं कारण कळलं होतं. पण जुन्या चित्रांची पारख करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला 'दिसत नाही का' असं कुठल्या तोंडाने विचारायचं?

चित्र पारखायला ज्यांनी बोलावलं होतं, त्या बाईंचं घर चढावर होतं. एकट्याच राहायच्या. भिंतीवर वडिलांनी आणलेलं तैलचित्र: खवळलेला समुद्र आणि शिडाचं जहाज. वडील जन्मभर म्हणाले, अस्सल आहे, जुनं आहे. आता भाऊ म्हणत होता, नक्कल आहे, देऊन टाक कुणाला तरी. बाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की बाबा खोटं बोलले नव्हते ना.

मामांनी नेहमीसारखं चित्र आधी पालथं केलं. "माणूस असो की चित्र, तोंड फसवतं. पाठ नाही फसवत." मागचं लाकूड हुंगलं, कापडाच्या कडेचे हाताने घडवलेले खिळे चाचपले. "दीडशे वर्षांचं तरी असेल." मग सुलटं केलं आणि मान वाकडी करून कडेकडेने पाहू लागले.

भाचीने मनात देवाचं नाव घेतलं. इथे मामांनी थाप मारली असती तर खपूनही गेली असती.

"बाई," मामा म्हणाले, "मला आता मधलं दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात. नजर हिची घेतो, शब्द माझा. चालेल?"

बाईंनी मान हलवली. मग लक्षात येऊन म्हणाल्या, "चालेल."

"शिडं कुठे फुगलीत गं?"

"उजवीकडे."

"आणि झेंडा?"

"तो डावीकडे फडकतोय."

"एका जहाजाला दोन वारे? दिवा तिरका धर. माझं बोट झेंड्यावर ने."

तिथे रंग जाड होता, खाली ठिगळ लागत होतं.

"जहाज अस्सल आहे. झेंडा मागाहून काढलाय, हौशी हाताने."

बाई खुर्चीत टेकल्या. "लहानपणी माझ्या चेंडूने तिथे भोक पडलं होतं. मी रडून गोंधळ घातला. सकाळी बाबा म्हणाले, बघ, आपोआप भरून आलं." त्या हसता हसता डोळे पुसू लागल्या. "म्हणजे एकदा खोटं बोललेच की."

"तेवढं चालतं," मामा म्हणाले. "झेंड्याला कुणाला हात लावू देऊ नका."

उतरताना त्यांचा हात पुन्हा भाचीच्या खांद्यावर आला. आता गर्दीचं कारण त्यांनी सांगितलं नाही.

"मामीला माहीत आहे?" तिने विचारलं.

"तिला वाटतं, मी वेंधळा झालोय. रोज बोलणी खातो." थोडं चालल्यावर त्यांनी खांदा जरा दाबला. "परक्या बाईला सांगून टाकलं बघ. घरी मात्र जीभ वळत नाही. तू सांगशील का तिला? मी दारात चपला काढायला वेळ लावतो."