जीभ दाखव

माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड आहे. ब्लाउज शिवणारी बाई दर वेळी दोन्ही दंडांची मापं वेगळी घेते आणि दर वेळी विचारते, "ताई, एकाच हातानं व्यायाम करता का?" मी हो म्हणते. तीसेक वर्षं लोखंडी कढईत आवळ्याचा गर ढवळते आहे, हे तिला सांगत बसले तर माप राहून जाईल. हा दंड मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते याच दंडाचा अपमान झाला म्हणून केलं. आमचे हे म्हणतात, "तू मुळातच डूख धरणारी हायस, दंडाले कावून मधात आणते?"

टॉनिक आईचं. आम्ही अकोल्यात सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हापासूनचं. थंडीत चिखलदऱ्याकडून आवळ्याचं पोतं यायचं. आई आवळे वाफवायची, बिया काढायची आणि गर लोखंडी कढईत गूळ, सुंठ, पिंपळी घालून दिवसभर ढवळायची. लोखंडाला लागला की आवळा काळा पडतो. संध्याकाळपर्यंत कढईत डांबरासारखं काहीतरी तयार व्हायचं. त्याला नाव नव्हतं. घरात सगळे 'काळं' म्हणायचे. चव अशी, की पाहुण्यांच्या पोरांना 'काळं देईन हं' एवढी धमकी पुरायची.

शाळेत जायच्या आधी मला आणि माझ्या धाकट्या भावाला एकेक चमचा मिळायचा. वाट्या ओट्यावर ठेवून आई नळावर पाणी भरायला जायची आणि परत आली की दारातच उभी राहायची. "जीभ दाखव." काळी जीभ असेल तर दप्तर उचलायचं. नसेल तर दुसरा चमचा, तोही तिच्या देखत.

भावानं आयुष्यात ते कधी प्यायलं नाही. त्याची वाटी मागच्या दारच्या पपईच्या बुडात जायची. मग तो काळ्या दंतमंजनाची डबी उघडायचा, बोटावर चिमूटभर घ्यायचा आणि जीभ नीट सारवून काढायचा. आईसमोर इतकी लांब जीभ काढायचा, की ती म्हणायची, "पाय, पोट्टा कसा शहाण्यावानी पेते." पपई मात्र कौलांच्या वर गेली होती. या सोंगात एक खोट होती. टॉनिकानं फक्त जीभ काळी होते, मंजनानं दातांच्या फटीही होतात. आईनं कधी दात पाहिले नाहीत. मी पाहिले होते. मी बोलले नाही, कारण गप्प राहण्याबद्दल भाऊ मला रोज बोरकुटाची पुडी द्यायचा. माझा स्वभाव लहानपणापासूनच व्यापारी, असं मी आता अभिमानानं म्हणते.

लग्न होऊन अमरावतीला आले. पहिल्याच थंडीत सासरे खोकू लागले, म्हणून आईची कढई मागवून घेतली. सासऱ्यांना किती उतार पडला ते देव जाणे, पण त्यांनी गल्लीभर कौतुक केलं. आधी शेजारच्यांच्या बाटल्या भरल्या, मग कॉलनीच्या. मग भातकुलीहून दोन बायका आवळे फोडायला येऊ लागल्या. एका कढईच्या पाच झाल्या. नवी लोखंडी कढई आणली की लगेच चालत नाही. महिनाभर तीत आवळ्याचं पाणी उकळून फेकावं लागतं, तेव्हा कुठं ती लोखंडाची चव द्यायचं थांबवते आणि रंग द्यायला लागते. आमचे हे चित्रकलेचे मास्तर. लायसन, तपासण्या त्यांनी केल्या आणि लेबलंही. लेबल एक रेघभर वाकडं लागलं तरी बाटली परत धुवायचे. मी म्हणाले, 'सर्व रोगांवर' असं लिहू. ते म्हणाले, "आवळा, गूळ, सुंठ, पिंपळी लिहितो. खरं तेवढंच हाय."

आईचा फोटो लेबलवर टाकावा असंही मनात होतं. आई म्हणाली, "मी काय साबण हावो? माहा फोटो बाटलीवर नोको." विषय संपला.

अकोला आणि बाळापूरची दुकानं भावाकडे दिली होती. आई त्याच्याकडेच राहते, तो हुशार, बोलका, आणि दुकानदाराला दोन बाटल्या मागायच्या असतील तर सहा घ्यायला लावायचा. तीन वर्षं त्यानं आमचं टॉनिक विकलं, मग त्याची मागणी कमी होत गेली. आणि एके दिवशी अकोल्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. आमच्या जुन्या गिऱ्हाईक.

"अहो, तुमचं टॉनिक बिघडलं का हो? जीभ काळी होत नाही आता."

मी बाटली मागवून घेतली. एस.टी.च्या कंडक्टरनं वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली. बाटली आमच्यासारखीच. टोपण आमच्यासारखंच. लेबल मात्र जरा वाकडं, त्यावर 'आईच्या हातचं' आणि खाली आईचा फोटो. हसणारा. तो फोटो माझ्या लेकीच्या लग्नातला होता. आईच्या शेजारी मी उभी होते, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मला कापून टाकलं होतं, पण घाईत कापलं असावं. आईच्या खांद्यावर माझी चार बोटं राहून गेली होती, तिसऱ्या बोटात माझी अंगठी. भावाच्या प्रत्येक बाटलीवर माझी बोटं होती.

चव घेऊन पाहिली. स्टीलच्या टाकीत, मशीनवर, तासाभरात काढलेला गर. रंगासाठी जाळलेल्या गुळाचा पाक. बाटलीत काळं, जिभेवर काहीच नाही. मला एकदम मंजनाची डबी आठवली. पन्नास वर्षांचा झाला, पण पद्धत बदलली नव्हती.

फोन लावला. आमच्यात कितीही वाकडं असलं तरी फोन 'जय भीम'नंच सुरू होतो.

"जय भीम, ताई."

"जय भीम. हे काय करून राहिला तू?"

"काय केलं मी?"

"बाटलीवर आई कावून लावली?"

"आई माही बी हाय ना. का तुही एकटीचीच हाय?"

"अन् टॉनिक?"

"टॉनिक आईचं हाय, ताई. तुहं काय हाय त्याच्यात? तू तं फक्त ढवळते."

फक्त ढवळते. फोन ठेवला आणि मी उजव्या दंडाकडे पाहिलं. तोही माझ्याकडे पाहत असावा.

पुढचे दोन महिने मी सूड या एकाच विषयावर जगले. ढवळायला घेतलं की डोकं मोकळं असतं, त्यामुळे पाचही कढयांवर मी पाच वेगवेगळे सूड शिजवले. हे म्हणाले, "नोटीस पाठवू." मी म्हणाले, "कोर्टात आईले साक्षीले बोलावतील. तिनं कोणाकडून बोलाव?" तिथंच सगळं अडत होतं. आईला खरं काय ते माहीतच नव्हतं. तिला भावानं सांगितलं होतं की ताईचंच टॉनिक आहे, फक्त बाटल्या इथं भरतो. चष्मा लावूनही तिला लेबल वाचता येत नव्हतं, त्यावरचा एवढासा फोटोही ओळखू येत नव्हता. तिच्या नावावर अकोलाभर जळका गूळ विकला जात होता आणि ती निवांत खुर्चीत बसली होती. अकोल्याची दुकानं गेल्याचं मला दुःख होतंच, मी काही संत नाही. पण आईच्या डोळ्यांदेखत तिच्याच नावानं खोटं विकलं जावं, हे मला सहन होईना. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं, की हे माझं नाही.

मग भावानं स्वतःच सोय केली. नव्या कारखान्याच्या उद्घाटनाची पत्रिका पाठवली. फीत आई कापणार. आम्ही सहकुटुंब यावं.

"जाणार हायस?" ह्यांनी विचारलं.

"जाणार."

"भाषण करू नोको. तुले भाषणात रडू येते."

मूर्तिजापूरपर्यंत मी मनात भाषण केलं आणि खरंच दोनदा रडू आलं. मग भाषण सोडून दिलं. पर्समध्ये आमची एक बाटली आणि चमचा होता. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण रिकाम्या हातानं सुडाला जाऊ नये एवढं कळत होतं.

मंडपात शंभरेक माणसं, मागे आईच्या फोटोच्या बाटलीचा भलामोठा फलक. दुकानदार, नातेवाईक, एक पुढारी. आई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, कात्री मांडीवर घेऊन. भाऊ जाकीट घालून माइकपुढे उभा राहिला. आधी वंदना झाली, मग त्यानं बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता गहिवरला.

"लहानपणी रोज सकाळी आई मले हे टॉनिक पाजे. त्याच्यावर मी मोठा झालो. आजही रोज दोन चमचे घेतल्याशिवाय घराबाहेर पाय ठेवत नाही."

टाळ्या वाजल्या. मी उठून आईजवळ गेले. मला पाच कढयांवरचे पाचही सूड आठवेनात. तोंडातून एवढंच निघालं, "आई, याची जीभ पाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आयुष्यभर पोरांच्या जिभा तपासलेली बाई. सवयच.

"आज घेतलं का रे?"

"घेतलं ना, आई." हे त्यानं माइकमधूनच सांगितलं.

"इकडे ये. जीभ दाखव."

"आई, कार्यक्रम सुरू हाय..."

"जीभ दाखव."

आणि जाकीट घातलेल्या, पन्नास वर्षांच्या, दोन मुलांच्या बापानं शंभर माणसांसमोर वाकून जीभ काढली. वासराच्या जिभेसारखी स्वच्छ गुलाबी. मागून एक दुकानदार हसला, मग सगळा मंडप. मला इतकं गार वाटलं, की तसं मेळघाटातही कधी वाटलं नव्हतं.

तिथं थांबायला हवं होतं. पण मी थांबणारी असते तर ही गोष्ट अर्ध्यातच संपली असती. मी म्हणाले, "लहानपणी बी नव्हता पेत. पपईत ओते आन् जिभीले मंजन लावून तुह्यासमोर येये."

आईची कात्री मांडीवरून खाली पडली.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगितलं कावून नाही?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती. "तो मले रोज बोरकुट दे."

आईनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आता तू दाखव."

"मी काय, आई?"

"जीभ."

इथं मला माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगावी लागते, जी मी आतापर्यंत टाळत होते. मला ॲसिडिटी आहे. दोन वर्षांपासून मी स्वतःचं टॉनिक घेतलेलं नाही. ढवळते, भरते, विकते, दुसऱ्यांना सकाळी उपाशीपोटी घ्या म्हणून सांगते. माझीही जीभ गुलाबीच होती. भाऊ पहिल्यांदा हसला. हे मंडपाच्या खांबामागे गेले.

आई उठली. माइक तिच्या हातात कोणी दिला नव्हता, तिनं घेतला. "माहा फोटो काढा बाटलीवरून. मी हे केलेलं नाही." मग आमच्या दोघांकडे बोट करून म्हणाली, "अन् तुमी दोघं, पयले प्या. मंग इका."

फीत शेवटी पुढाऱ्यानं कापली.

फोटो आठवड्यात निघाला आणि माझी बोटंही निघाली. अकोल्याची अर्धी दुकानं परत आमच्याकडे आली, अर्धी राहिली. भावाचं टॉनिक वेगळ्या नावानं अजून विकलं जातं. काही लोकांना तेच गोड लागतं म्हणे. लागो. मी त्याला माफ केलेलं नाही. आई म्हणते, भाऊ-बहीण आहात, विसरा. मी विसरते, पण सकाळी साडेसहाला परत आठवतं. कारण त्या दिवसापासून मी रोज साडेसहाला एक चमचा घेते, वर ॲसिडिटीची गोळी घेते, आणि आरशासमोर जीभ काढून तिचा फोटो भावाला पाठवते. खाली लिहिते, 'जय भीम'. दोन निळ्या खुणा येतात. उत्तर येत नाही. ह्यांनी एकदा विचारलं, "असं किती दिवस?" मी म्हणाले, "कढईले रंग धरायलेच महिना लागते."

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. शब्द नाही, नुसता फोटो. भावाची जीभ, काळीकुट्ट, लांब. क्षणभर माझं मन खरंच पघळलं. डोळे भरून आले. मग चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. समोरच्या दोन दातांची फट काळी होती.

हे म्हणाले, "जाऊ दे ना वं."

"हो," मी म्हणाले आणि फोटो भावजयीला पाठवला. खाली लिहिलं, 'आईले दाखव. दात मोठे करून.'

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीकडून फोटो आला. आई खुर्चीत बसली आहे. समोर पाटावर भाऊ, बनियानवर, डोळे घट्ट मिटून, तोंड वेडंवाकडं करून, चमचा अर्धा तोंडात. आईचा एक हात त्याच्या हनुवटीखाली. तिच्या मांडीवर बाटली आहे. मी तो फोटोही मोठा करून पाहिला. लेबल अगदी सरळ लावलेलं होतं.