काशीच्या तोंडी दुसरीच गोष्ट

गोष्ट सांगायला लागली की काशीचे डोळे समोरच्या माणसावरून हळूच सरकायचे आणि मागं कुठंतरी दूर जाऊन लागायचे. ऐकणारा वळून बघायचा, तर तिथं नुसता डोंगर.

खर्डीच्या वरच्या अंगाला, साग-ऐनाच्या रानात तिची वाडी. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरून आणल्या त्या आत्याकडून ऐकलेल्या गोष्टी. भात झोडून बाया खळ्यावर टेकल्या की कोणीतरी म्हणायचंच, "काशी, काढ गो एखादी." काशी काढायची. तिचा नवरा धर्मा मोळी बांधता बांधता थांबायचा आणि दोरी हातातच राहायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात वाडीत एक गाडी आली. 'झुळूक' नावाची मराठी वाहिनी नुकतीच सुरू झाली होती. तिचा मालक एक म्हातारा छापखानेवाला. गावोगावच्या गोष्टी सांगणाऱ्यांना पडद्यावर आणायचं वेड त्याच्या डोक्यात होतं. त्या कामावर त्यानं शहापूरची मीना नावाची मुलगी नेमली होती. मीनानं काशीला मोहाच्या झाडाखाली बसवलं आणि कॅमेऱ्याच्या काचेकडे बोट दाखवलं.

"मावशी, इथं बघून सांग."

काशी वाकली. काचेत एवढीशी बाई. "आत कोण हाय गो?"

"तूच आहेस."

"मंग हिलाच सांगते," काशी म्हणाली आणि सुरू झाली.

डोंगराच्या माथ्यावर एक तळं होतं. सगळं निजलं की चांदण्या तिथं पाणी प्यायला उतरत. एका पोरीनं एक चांदणी ओंजळीत धरली. चांदणी म्हणाली, सोड, नाय तर तुला माझ्यासंगं यावं लागल. पोरीनं काही ओंजळ उघडली नाही. गेली. परत आलीच नाही. तिची आय अजून चुलीवरची पहिली भाकर तिच्या नावानं बाजूला ठेवते. संपली गोष्ट.

खर्डीत वाल्मिकचं किराणा दुकान होतं आणि दुकानात टीव्ही. आठवड्यातून एकदा, दिवे लागायच्या वेळेला, सारी वाडी खाली उतरून दुकानासमोर बसायची. पडद्यावर काशी दिसली की पोरं ओरडायची, काशी मात्र पदर तोंडाला लावून बघत राहायची. तिला आतली बाई आपली वाटायचीच नाही. जुळी बहीण असावी तशी वाटायची. अर्धा तास झाला की ती नाहीशी व्हायची. चढण चढताना काशी धर्माला विचारायची, "ती आता जात आसल कुठं?"

"तिच्या वाडीला," धर्मा सांगायचा. त्यालाही ते खरंच वाटत असावं.

अशी तीन-एक वर्षं गेली. मग म्हातारा थकला आणि त्यानं वाहिनी विकून टाकली. घेणारी कंपनी मोठी; तिच्या पाच भाषांत वाहिन्या होत्या आणि पाचही ठिकाणी एकच रीत. संध्याकाळ सगळी रोजच्या मालिकांना. मोठाली घरं, दागिन्यांनी लवलेल्या सुना, एक कारस्थानी जाऊ. शेतीचं, नाटकाचं, भजनाचं जे काही होतं ते एकतर बंद झालं, नाहीतर दुपारी ढकललं गेलं. काशीही दुपारी गेली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती बाजाराला उतरली आणि वाल्मिकच्या दारात थबकली. पडद्यावर तीच बसली होती. ओठ तिचेच हलत होते. पण आवाज कुणा शहरातल्या बाईचा, गोड, घासूनपुसून काढलेला. आणि गोष्ट? चांदणीमागं गेलेल्या पोरीला एक राजपुत्र घेऊन आला, लग्न लागलं, आईच्या घरी जेवणावळ उठली.

"मी असं नाय बोलली," काशी म्हणाली.

वाल्मिक वजन करता करता हसला. "तोंड तर तुझंच हाय गो."

त्या दिवशी डोंगर चढताना तिला वाटलं, आतली बाई वाट चुकली. कुणीतरी हाताला धरून तिला परक्या घरात नेलं आणि ती मुकाट गेली. वाडीत पोरं आधीच राजपुत्राचा खेळ खेळत होती.

पावसाळा सरला तशी गाडी पुन्हा आली. मीनाबरोबर नव्या मालकांचा हरेश नावाचा माणूस होता. बोलायला चांगला. मातीवरच मांडी घालून बसला.

"आजी, शेवट गोड करायचा. दिवसभर दमलेल्या लोकांना रडवायचं नाही, असं मालकांचं म्हणणं आहे."

काशीनं विचार केला. "मंग त्या सांजच्या बाया रोज रडतात त्या?"

हरेशला हसू आलं. "त्या, बघणाऱ्यांनी उद्या पुन्हा यावं म्हणून रडतात."

मीनानं मान खाली घातली. कॅमेरा लागला. काशीनं काचेत पाहिलं. आतली एवढीशी बाई तिच्याकडे बघत होती. काशीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"हिला नाय सांगायची आता," ती म्हणाली आणि उठून शेळ्यांकडे गेली.

कार्यक्रम बंद झाला. मीनानंही पुढं ती नोकरी सोडली आणि मुरबाडला शाळेत लागली. कधीमधी यायची, काशीच्या ओट्यावर बसून चहा प्यायची.

खरी गंमत पुढंच. काशीला मालिकेची गोडी लागली! सांज झाली की बायांबरोबर तीही वाल्मिकच्या दारात. तिथलं घर तिला भुताटकीचं वाटायचं. एवढ्या खोल्या, आणि कुणी चूल पेटवत नाही. थोरली सून तिच्या स्वप्नातही यायची, भरजरी पदर कारवीच्या झुडपात अडकलेला, काशीला वाट विचारत.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला भारनियमन आलं. ऐन रंगात लाईट जायची. एका सांजेला थोरली सून घर सोडून निघालेली, एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि पडदा काळा. बाया हळहळल्या.

अंधारात बायांतली ठमी म्हणाली, "काशी, तूच सांग गो. गेली का ती?"

काशीचे डोळे कुठं लागले ते अंधारात कुणाला दिसलं नाही. "गेली," ती म्हणाली. "दागिने काढून एकेक झाडाला टांगत गेली. म्हून तर काजवे हायत." सून नदीत उतरली, नदीनं तिची सावली मागून घेतली, पलीकडं तिला एक वाडी लागली, तिथल्या बायांनी नाव न विचारता तिला बसायला पाट दिला. काशी सांगत गेली. कुणी डास मारायलाही हात उचलेना.

लाईट आली. निम्म्या बाया भर्रकन टीव्हीकडे वळल्या. सून उंबऱ्यातच होती, सासूचे पाय धरून. काशीला राग आला नाही. तिलाही जरा डोकावून बघायचं होतंच. पण ठमी आणि आणखी दोघी-तिघी जागच्या हलल्या नव्हत्या.

"मंग त्या वाडीत ती काय करते?" ठमीनं विचारलं.

काशीनं टीव्हीकडे पाठ केली आणि पदर सावरून बसली.

"भात लावायला शिकते," ती म्हणाली. "पहिल्यांदा रोपं उलटीच लावते बग..."