तीनशे तेराच्या पुढे

बायको पहिल्या बाळंतपणाला अकोल्याला माहेरी होती आणि मी अमरावतीच्या शाळेत गणित शिकवत होतो. ती अडल्याचा निरोप आला तसा वर्ग सोडून निघालो. दुपारी पोचलो तर सुईण आत, दार बंद. ओसरीवर बसलो, उठलो, चपला घातल्या, काढल्या. अशा वेळी पुरुषासारखा बिनकामाचा प्राणी दुसरा नाही.

सासूबाई देवापुढे कौल लावत होत्या. चिमूटभर गहू पाटावर टाकायचे आणि दोन-दोन दाणे बाजूला सारायचे. शेवटी जोडी निघाली तर देव पावला, एकटा दाणा उरला तर नाही. मी चिडूनच म्हणालो, "दाण्यांना काय कळतं?"

"तुमी गप बसा जावईबापू. मले काहीतरी करू द्या."

मलाही काहीतरी करायचंच होतं. खिशात खडू होता. फरशीवर मनात आला तो आकडा लिहिला, एक लाख तीन. आणि देव न मानणारा मी मनात म्हणालो, याला कशानेही पूर्ण भाग गेला तर ती वाचेल.

सातने भागलं, एक उरला. अकराने, दोन. तेवीसला तर एकच कमी पडला. आतून तिचं ओरडणं आलं की हातचा विसरायचो आणि पुन्हा मांडायचो. मग ओरडणं थांबलं. ते जास्त वाईट होतं. शंभर ओलांडले, दोनशे ओलांडले, मी उकिडवाच पुढे सरकत होतो. तीनशे तेरा. बाकी उरलीच.

इथे थांबायचं असतं. या आकड्याचं वर्गमूळ तीनशे सोळाच्या जरा वर. त्याहून मोठा भाजक असलाच, तर त्याचा जोडीदार लहान असणार, आणि लहान सगळे तपासून झाले होते. म्हणजे ही मूळ संख्या, कुणालाच दाद न देणारी. यापुढे भागत बसणाऱ्या पोराला मी बाकावर उभा करायचो. मी तीनशे सतरा लिहिलं. मग तीनशे एकतीस. मग तीनशे सदतीस. भाग जाणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, तरी हात थांबेना. मी थांबलो तर ती जाईल, एवढंच डोक्यात होतं.

दार उघडलं. सासूबाई काहीतरी म्हणाल्या.

"थांबा!" मी ओरडलो. "एवढा भाग होऊ द्या!"

त्यांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

सोयरात पुरुषाने त्या खोलीत जायचं नसतं. "उंबऱ्यावरूनच पाहा," असं म्हणून सासूबाईंनी मुद्दाम पाठ फिरवली. मी आत गेलो. ती डोळे मिटून पडली होती, ओठ पांढरे पडलेले. तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मला हुंदका आवरेना.

तिने डोळे उघडले. "कावून रडून राहिले?" ती म्हणाली. "मी आहो ना."