खडे निघाले, मावशी पिवळी पडली

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर, पंच्याण्णव सालच्या भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, नगरच्या एका खासगी दवाखान्यात. पित्ताशयात खडे होते, ते काढायलाच हवे होते, त्याबद्दल वाद नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनशीही माझं भांडण नाही. केडगावच्या आमच्या शेजारीणबाई तेच ऑपरेशन करून आठवड्यात स्वयंपाकाला लागल्या होत्या.

डॉक्टर हसत म्हणाले, "चार छोटी भोकं, मावशी. तिसऱ्या दिवशी घरी." ऑपरेशन झाल्यावर त्यांनी काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, हातात खड्यांची बाटली दिली. झालं! मावशीच्या गावात, घोडेगावात, ती बाटली घरोघर फिरली. बाजारात बैलाचे दात बघावेत तसे लोक खडे उजेडात धरून बघत.

"हरभऱ्याएवढं हायेत बघा!" काका सांगायचे.

मावशी अंथरुणावरून म्हणायची, "माझ्याकडं बी बघा की कुनी. पोटात लई दुखतंय."

कुणी बघितलं नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, ही वेगळीच कावीळ. खडे तर निघाले ना! गळ्यात काविळीची माळ पडली. काका दवाखान्यात विचारायला गेले, तर दारातच उत्तर मिळालं: गॅस असेल.

मी पोचले तेव्हा खाजवून खाजवून मावशीचं अंग लाल झालं होतं. जीप येईपर्यंत मला बसवेना. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात. नगरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, "खड्यांसकट पित्ताशय काढताना पित्ताची मुख्य नळी कापली गेलीय. पुण्याला न्या. आत्ताच."

पुण्यात पोट उघडावं लागलं. मावशी वाचली. पण हुडहुडी भरून ताप येतो, तो अजून येतो.

मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. "अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत?"

"तुम्ही कोण, पुढारी?"

"भाची."

"मग मावशीला जपा. असं कुठंही होऊ शकतं."

होऊ शकतं! चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होऊ शकतं, मान्य. मग आधी का नाही बोललात? आणि काकांना दारातून का परत पाठवलंत?

तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरलंय? मग सही करण्याआधी विचारा. तुम्ही स्वतः किती केलीत? आत अडलं तर लगेच पोट उघडाल ना? घरी गेल्यावर डोळे पिवळे झाले, पोट दुखायला लागलं, तर कुणाला गाठायचं? डॉक्टर चिडले तर चिडू द्या. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.