अनॉमीवाले सर

आमच्या सरांना अर्धवट अर्थाचा भारी राग. जेवताना कुणी जड शब्द वापरला तरी घास तसाच हातात धरून ते विचारायचे, "मतलब सांग." ते यवतमाळच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे आणि लोहाऱ्याला आमच्याच गल्लीत राहायचे. त्यामुळे माझी सुटका वर्गातही नव्हती आणि घरीही नव्हती.

'अनॉमी' हा त्यांचा लाडका शब्द, म्हणून पोरांनी त्यांचं नावच अनॉमीवाले सर ठेवलं. शब्द मुळात ग्रीक. 'अ' म्हणजे अभाव आणि 'नोमॉस' म्हणजे नियम, रीत. पुढे एका फ्रेंच अभ्यासकाने तो समाजशास्त्रात रुजवला. आमच्या पुस्तकात त्याला 'प्रमाणकशून्यता' म्हटलं होतं, ते वाचताना सर स्वतःच हसायचे. मी एकदा ऐटीत उत्तर दिलं, "अनॉमी म्हणजे चोऱ्यामाऱ्या."

"चोराले रीत पक्की माहीत असते बाबू, म्हणून तं तो लपते!" सर म्हणाले. "जुनी रीत सुटली, नवी अजून बसली नाही, अन् कसं वागावं हेच कोणाले समजत नाही, त्याले अनॉमी म्हणतेत."

मला ते खरं कळलं आमच्या गल्लीत. एमआयडीसीमुळे इथे कुठकुठचे लोक भाड्याने राहायला आलेले. त्यातला परराज्यातला एक कामगार आजारात गेला. अंत्यविधी सोबतच्या कामगारांनी उरकला आणि ते पाळीवर गेले. संध्याकाळी त्याची बायको दोन लेकरांना घेऊन दारात बसलेली, घरात चूल बंद. गावाकडे असतो तर मयताच्या घरी भाकर कुणी न्यायची हे सांगावंही लागलं नसतं. इथे सगळे आपापल्या दारात उभे. आपलं अन्न त्यांना चालेल का, की त्यांचं कुणी येईल, काही कळेना. माणसं वाईट नव्हती, पण लेकरं उपाशी होती.

सर बाजारातून भाजी घेऊन आले, त्यांनी हे पाहिलं आणि ते तडक घरात गेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी बेसन केलं, सरांनी भाकरी भाजल्या आणि दोन करपवल्या. मग बेसनाचा गंज, म्हणजे पातेलं, आणि भाकरी हातात धरून ते सगळ्यांच्या देखत गल्लीतून चालत गेले.

"बेटी, हमारे घर का खाओगी?" त्यांनी विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली आणि इतका वेळ धरलेलं रडू सोडलं.

परतताना सर माझ्यावर खेकसले, "तू काहून उभा राह्यला? घरून वरण आण." मी पळालो. मग शेजारची दारंही उघडली. काही जण ओशाळले होते, त्यांना सर म्हणाले, "कोणाचा दोष नाही. रीत नव्हती, आता हाये."

गेल्या वर्षी सर गेले. आम्ही स्मशानातून परतलो तर काकूंच्या ओट्यावर डबे ठेवायला जागा नव्हती. मला रडू येत होतं आणि आपण या माणसाचे विद्यार्थी, म्हणून अभिमानाने ऊरही भरून येत होता. गर्दीत एक नवी भाडेकरू बाई गंज घेऊन उभी होती. सरांना ती धड ओळखतही नव्हती.

"ताई, तुम्हाला कुणी सांगितलं आणायला?" मी विचारलं.

"सांगाले कायले लागते, भाऊ?" ती म्हणाली. "इथं रीतच हाये तशी."